बाळंतपणानंतर थायरॉइड वाढलाय? आधी एवढंच बघ

अगं, रिपोर्ट बघून घाबरू नकोस, पण 'बाळंतपणात होतंच असं' म्हणून सोडूनही देऊ नकोस. सततची धडधड, हातांची थरथर, झपाट्याने उतरणारं वजन हे सगळं जागरणाच्या खात्यावर टाकू नये. (बिल्डिंगमधल्या बायका बारीक झालीस म्हणून कौतुक करतील, ते खुशाल ऐकून घे.)

डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचार: ही बाळंतपणानंतरची थायरॉइडची सूज आहे की ग्रेव्हज (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडला जास्त हार्मोन बनवायला लावते तो आजार)? टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं हार्मोन) दोन्हींत खाली जातो, उपचार मात्र वेगळे. सुजेत साठलेलं हार्मोन रक्तात सांडतं, त्यावर कार्बिमाझोलचा (नवं हार्मोन बनणं कमी करणाऱ्या गोळीचा) उपयोग नाही. धडधडीपुरती गोळी देतात आणि बहुतेकदा सूज आपोआप ओसरते. पुढे काही महिन्यांत थायरॉइड उलट कमीही पडू शकतो, म्हणून बरं वाटलं तरी तपासणी चुकवायची नाही. ग्रेव्हज ओळखायला टीआरएबी ही रक्ततपासणी असते. परळच्या केईएममध्ये एंडोक्रायनॉलॉजीचा विभाग आहे.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- सासूबाईंची थायरॉक्सिनची गोळी घेणं. ती कमी थायरॉइडवरची, तुझा त्रास वाढेल.
- केस गळतात म्हणून बायोटिन (केसांसाठी घेतात ते जीवनसत्त्व). त्याने रिपोर्ट फसवा येऊ शकतो. तपासणीआधी किमान दोन दिवस बंद.
- भीतीने अंगावरचं दूध तोडणं. डॉक्टरांनी बेतलेल्या कमी डोसात कार्बिमाझोल चालते. किरणोत्सारी आयोडीनचा स्कॅन सुचवला, तर मात्र बाळ अंगावर पितं हे आधी सांग.

कार्बिमाझोल चालू असताना ताप आला किंवा घसा दुखला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घे.