घर बदलताना निघालेली अडगळ : एकदाच डबा भरून टाकावी का?

प्रश्न : पंचवटीतील एका वाड्यात आमचे चाळीस वर्षांचे बिऱ्हाड आहे. दिवाळीपूर्वी पाथर्डी फाट्यावरील लहान सदनिकेत जायचे असून माळा, कोठीची खोली आणि जिन्याखालची जागा अडगळीने भरली आहे. शिकागोत राहणाऱ्या आमच्या मुलीने घर बदलताना डम्पस्टर भाड्याने घेतला, सगळे त्यात टाकले आणि ती मोकळी झाली. नाशिकमध्ये अशी सोय करता येईल का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : डम्पस्टर म्हणजे ट्रकवरून दारात उतरवला जाणारा आणि भरल्यावर उचलून नेला जाणारा उघडा लोखंडी डबा. अमेरिकेत तो साधारणपणे १० ते ४० घनयार्डांच्या मापांत मिळतो. २० घनयार्ड म्हणजे सुमारे १५ घनमीटर. मात्र त्यात काहीही टाकता येते असे तिथेही नाही. ओले रंग, बॅटऱ्या, टायर सहसा चालत नाहीत, ठरलेल्या वजनापेक्षा भर जास्त झाली तर वेगळे पैसे पडतात आणि डबा रस्त्यावर ठेवायचा झाल्यास बहुतेक मोठ्या शहरांत परवाना काढावा लागतो.

पंचवटीच्या बोळात एवढा डबा उतरवायला जागा मिळणे कठीणच. आपल्याकडे त्याच्या जवळची सोय म्हणजे खेपेच्या दराने ठरवलेली ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा छोटा हत्ती. परंतु गाडी सांगण्यापूर्वी दोन-तीन रविवार हाताशी ठेवावेत, कारण माळ्यावरून खाली येणाऱ्या वस्तूंपैकी निव्वळ कचरा फार थोडा असतो. घंगाळे, पातेली, हंडे भांडी बाजारात मोडीत देता येतात; वजन डोळ्यांदेखत करून घ्यावे, आणि ज्या पातेल्याला केवळ कल्हईची गरज आहे ते मोडीच्या भावाने देऊन पुन्हा नवे विकत घेण्यात काय शहाणपण आहे, हेही घरात एकदा बोलून घ्यावे. गाद्यांचा कापूस पिंजून पुन्हा वापरता येतो. सागवानी दारे-कपाटांना जुन्या लाकडाचे व्यापारी गिऱ्हाईक असतात. लोखंड, पत्रा भंगारवाला नेतो.

रद्दी बांधताना मात्र घाई करू नये. आमच्या स्वतःच्या बिऱ्हाडबदलात घरपट्टीच्या पावत्यांची जाड पुरचुंडी वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात गेली होती. तराजूत टाकण्यापूर्वी सुतळी सोडणाऱ्या रद्दीवाल्यानेच ती बाजूला काढून दिली, म्हणून वाचलो.

रोजचा ओला आणि सुका कचरा घंटागाडीत जाईल. मुदत संपलेली औषधे, फुटक्या ट्यूबलाइट, रंगाचे अर्धवट डबे घातक घरगुती कचरा म्हणून वेगळे बांधून द्यावेत. बंद पडलेला संगणक किंवा फ्रिज भंगारात घालू नये. फ्रिजची तांब्याची नळी कापली की आतला वायू हवेत सुटतो, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार अशी उपकरणे नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवीत. नवा फ्रिज घेणार असाल, तर जुना बदल्यात नेतात का, हे दुकानात आधी विचारावे.

उरतो तो राडारोडा : मोरीच्या फरश्या, विटा, जुना गिलावा. खरी अडचण येथेच आहे. बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्यासाठी २०१६ पासून स्वतंत्र नियम आहेत, तो घरच्या कचऱ्यात मिसळता येत नाही; तरीही ‘टाकतो कुठेतरी’ म्हणणारा गाडीवाला हमखास भेटतो, आणि ते ‘कुठेतरी’ म्हणजे बहुधा एखादा नाला किंवा गोदावरीचा काठ असतो. म्हणून हा माल कोठे आणि किती शुल्क भरून उतरवायचा, हे महापालिकेच्या पंचवटी विभागीय कार्यालयात आधीच विचारून ठेवावे, गाडीवाल्याशी ठिकाण सांगूनच दर ठरवावा, घरातील कोणीतरी खेपेबरोबर जावे आणि पैसे ट्रॉली तेथे रिकामी झाल्यावरच द्यावेत.