मारुती ८०० चा दाराखालचा पत्रा सडलाय, पॅच मारू की अख्खा बदलू? खर्च किती येईल?

बदला. आणि कोणी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून देतो म्हणाला तर तिथून गाडी काढा.

आमची ९६ ची ८००, रत्नागिरीत बाबांकडे. खारी हवा आणि तो पाऊस, पत्र्याचं काय होतं सांगायला नको. डाव्या रनिंग बोर्डवर, म्हणजे त्या दाराखालच्या पत्र्यावरच, रंगाखाली फोड आले होते, मी स्क्रूड्रायव्हर टोचला तर सरळ आत. दादा म्हणाला तू हात लावू नकोस, माझ्या ओळखीचा डेंटर आहे, दोन हजारात करतो. त्याने काय केलं, भोकावर जाळी, वर बोटभर लांबी, घासून रंग. गणपतीत गाडी चकाचक, बाबा खूश, आणि मी लोहचुंबक लावून दाखवलं, ते टपकन खाली पडलं, तर घरात वाईट मीच. "तुला नेहमी खोटच काढायची असते." पुढच्या पावसात लांबी फुगली आणि हातखंब्याच्या अलीकडे एका खड्ड्यात निखळलीच. मग गाडी माझ्या गळ्यात.

मी कुर्ल्याहून, सीएसटी रोडवरून अख्खा पत्रा आणला. डेंटर हाताचा चांगला पण घाईचा, दार काढून ठेवलं, खाली टेका न देता जुना पत्रा कापला आणि नवीन वेल्ड करून मोकळा. अहो या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, तो पत्राच वजन धरतो. बॉडी खाली बसली, दार लागेना! परत वेल्डिंगचे सगळे टाके तोडले, खाली जॅक नि लाकडी ठोकळे दिले, दार लावून गॅप बघत एक टाका पुढे एक मागे असं केलं, कारण सलग वेल्डिंग केलं की पातळ पत्रा तापून लाटा येतात. सीओटू वेल्डिंगवालाच (तारेचं, मिग म्हणतात ते) शोधा, गॅस वेल्डिंगवाला नको. आतून प्रायमर मारून घ्या आणि खालची पाणी जायची भोकं बुजवू देऊ नका, गंज आतूनच येतो.

मला सगळं मिळून अकरा हजार पडले, दादाचे दोन वेगळे.

हां, सडलंय ते पुढचं फेंडर, चाकावरचा पत्रा, असेल तर वेल्डिंगची भानगडच नाही, ते बोल्टवर असतं. आणि भोक रुपयाएवढंच असेल, आजूबाजूचा पत्रा ठणठणीत असेल तर पॅच चालेल, पण पत्र्याचा, वेल्ड केलेला. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, कार्पेट उचला, पेटतं.

तो लांबीचा तुकडा जाळीसकट मी जपून ठेवलाय. दादा आला की पुढ्यात ठेवतो. तो म्हणतो, माझ्या डेंटरने केलं तेव्हा दार तरी लागत होतं.