यशवंतरावांवर बोलताना वेणूताईंना विसरू नकोस

सस्नेह आशीर्वाद.

तुझ्या भाषणाचा मसुदा काल रात्री दोनदा वाचला. २५ नोव्हेंबरला, यशवंतराव चव्हाणांच्या पुण्यतिथीला, जिल्हा परिषदेच्या सभागृहात बोलायची संधी नोकरीच्या पहिल्याच वर्षी तुला मिळाली, याचा मला फार आनंद झाला. मेहनत दिसते आहे. तारखाही बरोबर आहेत. १९६० साली महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, १९६२ साली चीनच्या आक्रमणानंतर संरक्षणमंत्री, पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र आणि उपपंतप्रधानपद. पण अडीच पानं वाचून झाली तरी मला त्यात माणूस भेटला नाही. एवढी पदं तर निमंत्रणपत्रिकेच्या मागेही छापता येतात.

पदांपैकी मुख्यमंत्रिपद तेवढं ठेव, आणि त्यातलंही एकच काम सांग. तू ज्या सभागृहात उभा राहणार आहेस ते त्या कामातूनच आलं आहे. जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा कायदा १९६१ चा, आणि १ मे १९६२ पासून त्या राज्यात सुरू झाल्या. गावच्या शाळेचं, दवाखान्याचं, रस्त्याचं काय करायचं हे मुंबईत न ठरता जिल्ह्यात, लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनी ठरवावं, असा तो विश्वास होता. माझी सगळी नोकरी त्याच यंत्रणेत गेली. तिच्यातले दोष मला ठाऊक आहेत, तरी हा विश्वास मला आजही मोठा वाटतो.

मग वाचलेल्या वेळात घराबद्दल बोल. वडील लहानपणीच गेले. देवराष्ट्रे हे आजोळ, शिक्षण कराडला, आणि सगळा भार आई विठाबाईंवर. मुलगा तुरुंगात असताना, माफी मागितली तर तो सुटेल असं त्यांना सुचवण्यात आलं. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईनं ते साफ नाकारलं. हे यशवंतरावांनीच ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात लिहिलं आहे. ते मुळातून वाच, कुणाच्या भाषणातून उचलू नकोस.

जून १९४२ मध्ये यशवंतरावांचं वेणूताईंशी लग्न झालं. दोन महिन्यांत ‘चले जाव’चा ठराव झाला आणि नवरदेव भूमिगत. फलटणच्या मोऱ्यांची मुलगी नव्या घरात नीट रुळलीही नव्हती. लग्नाला वर्ष व्हायच्या आत पोलिसांनी तिलाच अटक केली, गुन्हा एवढाच की ती त्यांची बायको होती. सुटून आल्यावर वेणूताईंची तब्येत ढासळली. त्या आजारी आहेत हे कळल्यावर यशवंतराव फलटणला भेटायला गेले आणि तिथेच पकडले गेले. सगळा सातारा जिल्हा ज्याला लपवत होता, तो माणूस बायकोच्या उशाशी सापडला! इथे थोडा थांब. सभागृहाला ते चित्र डोळ्यांसमोर येऊ दे. देशासाठी घर सोडणारा आणि घरासाठी जीव धोक्यात घालणारा माणूस एकच होता, हे याहून सोपं करून मला सांगता येणार नाही.

हे मी एवढ्या आग्रहानं का लिहितो आहे, तेही सांगतो. माझ्या निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ झालं, सहा जणांची भाषणं झाली. बदल्यांची गावं, योजना, टंचाईतली कामं, सगळं आलं. ही तिसऱ्या रांगेत बसली होती. सात बदल्या तिनं एकाच लोखंडी पेटीत बांधल्या होत्या. पेटीच्या झाकणावर प्रत्येक गावाचं नाव रंगानं लिहिलेलं, आधीचं खोडून. मुलीच्या गोवराच्या वेळी मी पंधरा दिवस टँकरच्या मागे होतो, ती एकटीच जागत होती. आभार मानायला मी उभा राहिलो, साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांची नावं घेतली आणि तिचं राहिलं. घरी आल्यावर तिनं शाल घडी करून त्याच पेटीत ठेवली, बोलली काहीच नाही. आज ती नाही, आणि ते वाक्य अजून माझ्याकडेच आहे.

यशवंतरावांचं तसं राहिलं नाही. जून १९८३ मध्ये वेणूताई गेल्या, आणि यशवंतरावांनी कराडला पत्नीच्या नावाचं स्मारक उभारायला घेतलं. आयुष्यभर जमवलेली त्यांची पुस्तकं आज तिथेच आहेत. देशाची चार मोठी खाती सांभाळलेल्या माणसाचा ग्रंथसंग्रह बायकोच्या नावाच्या वास्तूत आहे, ही गोष्ट तुझ्या मसुद्यात कुठेच नाही. वेणूताईंनंतर दीड वर्षाच्या आतच, २५ नोव्हेंबर १९८४ ला, तेही गेले. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

भाषणाआधी एक रविवार काढून कराडला जाऊन ये. आधी स्मारक बघ, मग संगमावर जा. घरच्यांनाही बरोबर ने. नव्या नोकरीत तुला रविवार मिळत नाही अशी तुझ्या आईची तक्रार माझ्या कानावर आली आहे. परत आलास की मसुदा पुन्हा लिहून पाठव, मी वाट बघतो.

तुझा,
काका