कथा तिसऱ्या पानावर सुरू होते

प्रश्न : ताई, मी आटपाडी तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. वय चौतीस. पोरं निजली की लिहायला बसते. गेल्या तीन वर्षांत दिवाळी अंकांना सहा कथा पाठवल्या, दर श्रावणात दोन. दोघांकडून ‘आपली कथा स्वीकारता येत नाही, क्षमस्व’ एवढी एकच ओळ आली. बाकी चौघांकडून पोचसुद्धा नाही. दिवाळीत एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर अंक उघडून अनुक्रमणिकेत स्वतःचं नाव शोधते, तेव्हा पोटात कालवतं. आमच्या बोलीमुळे नाकारतात का? एकांनी दीड हजार रुपये भरले तर प्रातिनिधिक संग्रहात कथा घेऊ, असं कळवलंय. पैसे भरू, की लिहिणंच सोडू? शेवटच्या कथेची प्रत सोबत जोडली आहे.

उत्तर : तुमची कथा मी दोनदा वाचली, म्हणून आधी तिच्याबद्दलच बोलते. पहिल्या पानावर सूर्य मावळतीला झुकतो, पक्षी घरट्याकडे परततात, क्षितिजावर लाली पसरते. दुसऱ्या पानावर सुनेच्या मनातले विचार आहेत. तिसऱ्या पानावर सासू विचारते, ‘छावणीत जनावरांपाशी ऱ्हायचं कुणी, तू का म्या?’ तिथं मी खुर्चीत सरळ होऊन बसले. दुष्काळात दावणीची दोन गुरं चारा छावणीत नेलेली, घरातल्या एका बाईनं तिथं कापडाच्या पालात महिनोन्‌महिने राहायचं, आणि ती बाई कोण, यावरून पेटलेलं घर. हे तुम्हाला आतून ठाऊक आहे. पण कथा वाचून निवडणारा माणूस तिसऱ्या पानापर्यंत पोचला असेल का, याची मला शंका आहे. मी स्वतः एका दिवाळी अंकासाठी एकवीस वर्षं कथा वाचल्या. रोज संध्याकाळी दहा-बारा. मावळता सूर्य त्यातल्या निम्म्या कथांत असायचा.

बोलीमुळे नाकारतात असं मला वाटत नाही. तुमच्याच तालुक्यातल्या माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांनी १९४९ साली माणदेशी माणसं पुस्तकात आणली, तेव्हापासून मराठी वाचकाला त्या बोलीची गोडी आहे. अडचण वेगळी आहे. तुमची माणसं बोलतात माणदेशी, आणि निवेदन मात्र शाळेतल्या निबंधाचं. निवेदन प्रमाण भाषेत असायला माझी काही हरकत नाही. पण ते तुमचं असू दे. ‘क्षितिज’ हा शब्द तुम्ही घरात, अंगणवाडीत कधी उच्चारला आहे का?

आता श्रावणाचं. ही गोष्ट कुणी सांगत नाही आणि नवीन माणूस उगाच स्वतःला दोष देत बसतो. दिवाळी अंकाची बरीचशी पानं निमंत्रित लेखकांची असतात, ती आधीच ठरतात. उरलेली किती, हे जाहिरातींवर ठरतं. आमच्याकडे आपणहून आलेल्या कथांसाठी दोन, फार तर तीन जागा असत, आणि आषाढ सरेपर्यंत त्या भरलेल्या असत. गणपतीत मजकूर छापखान्यात. श्रावणात आलेली कथा कितीही चांगली असली तरी तिला जागाच नसायची. तुमच्या सहाच्या सहा कथा श्रावणातल्या आहेत. पुढच्या वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास पाठवा. अंकानं शब्दमर्यादा आणि मुदत कळवलेली असते ती पाळा, आणि एक कथा एका वेळी एकाच अंकाला.

उत्तर न येण्याबद्दल मात्र मी संपादकांची बाजू घेणार नाही. ‘सत्यकथा’ मासिक १९८२ साली बंद पडलं, पण त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकाला कथेत काय जमलं नाही ते पत्रानं कळवत, याची आठवण लिहिणारी माणसं अजून काढतात. आज तेवढा वेळ कुणाकडे नसेल, हे मी समजू शकते. पण ‘नको’ हे दोन अक्षरांत कळवता येतं. हे मी शिकले ते एका कार्डामुळे. वाचायला घेतलेली एक हस्तलिखित कथा माझ्या कपाटात आठ महिने पडून राहिली. मग ती लिहिणाऱ्या बाईंचं कार्ड आलं : ‘नको असल्यास परत करावी, माझ्याजवळ दुसरी प्रत नाही.’ त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्याच दिवशी कथा परत पाठवली, आणि तेव्हापासून एकही कथा उत्तराशिवाय ठेवली नाही. तुम्ही दोन महिन्यांनी एक फोन जरूर करा. त्यात लाचारी नाही.

दीड हजार भरू नका. असले संग्रह बहुतेक त्यात लिहिणाऱ्यांच्याच घरी जातात, आणि त्यातली कथा निवडून घेतलेली नसते. तुमच्या मानधनातून तेवढे पैसे काढणं म्हणजे काय, ते तुम्ही जाणता. त्या पैशांत दोन-तीन चांगल्या मासिकांची वर्गणी भरा आणि कोण कसलं छापतं ते वर्षभर वाचा.

लिहिणं सोडू का, असं विचारलंत. माझीही पहिली कथा छापून येण्याआधी चार कथा साभार परत आल्या होत्या. परतीचं पाकीट मीच पत्ता लिहून कथेसोबत जोडलेलं, म्हणून त्यावर माझंच अक्षर असायचं, त्यामुळे पोस्टमन लांबून दिसला तरी कळायचं. मी ते पाकीट आठ दिवस उघडत नसे. आठ दिवसांनी कथा मोठ्यानं वाचायची, जीभ अडखळेल तिथं पेन्सिलीनं खूण. तुमच्यासारखंच पोटात कालवायचं, चौथ्या वेळीही तितकंच. सवय झाली नाही, पण हात पुन्हा वहीकडे जायचा. तुमचाही जातोय, नाहीतर सहावी कथा लिहिलीच नसती.

पहिली दोन पानं काढून टाका. सासूच्या प्रश्नापासून सुरू करा. आणि एक विचारायचं राहिलं. शेवटी सासूच छावणीत राहायला जाते, तिथं तुम्ही कथा थांबवलीत. त्या पहिल्या रात्री तिच्या पालाशेजारी कोण होतं? गुरं निजल्यावर ती कुणाशी बोलली? ते पान लिहाल तेव्हा मला पाठवा.