भावाला लिहिलेली चिठ्ठी पुरेल का?

प्रश्न: मी ६४ वर्षांची, पती नाहीत. मुलाला बौद्धिक अक्षमता आहे, वय ३१. मुलगी लग्न होऊन पुण्यात. १८ लाखांच्या ठेवी धाकट्या भावाच्या नावावर करून त्याला चिठ्ठी द्यायची आहे: "यातली बरीचशी रक्कम तू बाळूसाठी वापरशील अशी आशा आहे." वकील ट्रस्ट करा म्हणतात, म्हणजे पैसा विश्वस्तांच्या ताब्यात, पण वापर फक्त बाळूसाठी. खरंच गरज आहे का?

उत्तर: ताई, ठेवी आत्ता मोडू नका. त्या भावाच्या नावावर गेल्या की कायद्याच्या नजरेत बक्षीस ठरतील. उद्या भावाचं बरंवाईट झालं, तर पैसा त्याच्या बायकोमुलांचा. तुमचं आजारपण निघालं तर त्याच्याकडेच हात पसरावा लागेल.

आता चिठ्ठीकडे वळू. १८८२ च्या भारतीय न्यास (ट्रस्ट) कायद्याच्या कलम ६ नुसार ट्रस्ट करण्याचा हेतू, उद्देश, लाभार्थी आणि मालमत्ता या चारही गोष्टी पुरेशा निश्चितपणे कळायला हव्यात. 'ट्रस्ट' हा शब्द लिहिलाच पाहिजे असं नाही. "पूर्ण विश्वासाने" दिलेली मालमत्ता अमक्याच्या भल्यासाठी आहे एवढं स्पष्ट असेल, तरी ट्रस्ट होतो. कायद्यातच तसं उदाहरण आहे. तुमचं वाक्य मात्र दोनदा घसरतं. 'आशा आहे' म्हणजे इच्छा झाली, भावावर बंधन कुठे आलं? आणि 'बरीचशी' म्हणजे किती, नऊ लाख की सतरा? मालमत्तेचा 'बहुतांश' भाग अमक्याच्या मुलांत वाटावा, एवढ्यावर ट्रस्ट होत नाही, हेही त्याच कलमाच्या उदाहरणांत आहे. गंमत म्हणजे तुमचा भाऊ कितीही सज्जन असला तरी हा घोळ मिटत नाही, कारण वाद बहुधा त्याच्या पश्चात होईल.

माझं मत: मृत्युपत्रातूनच ट्रस्ट करा. हयातीत पैसा तुमचाच राहतो, मजकूरही बदलता येतो. वाक्य साधं असू द्या: "या ठेवींची संपूर्ण रक्कम माझा भाऊ व मुलगी यांनी विश्वस्त म्हणून धारण करावी आणि फक्त माझ्या मुलाच्या निवास, औषधोपचार व पालनपोषणासाठीच वापरावी." मुलाच्या पश्चात उरलेलं कोणाला, तेही लिहा. दोन साक्षीदार हवेतच. वकिलांची फी इथे वाचवू नका.

लाभार्थी एकटा मुलगाच असला, तर व्याजावरचा कर साधारणपणे त्याच्या स्लॅबने लागतो. त्याचं कायदेशीर पालकत्व हा वेगळा अर्ज, तो जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे.

सही करण्याआधी भावाला मात्र नीट विचारा. विश्वस्तपद नाकारायची मुभा त्याला कायद्यानेच आहे.