शेजारच्या शेताचा झोन बदलतोय. हे ठरवतं कोण, आणि आपण हरकत घेऊ शकतो का?

बेळगावच्या वडगाव शिवारात तुमच्या भातशेतीला लागून चार एकर आहेत, ती शेतीतून निवासी करण्याची नोटीस पेपरात आली आहे, आणि नगरसेवक म्हणतात "माझ्या हातात नाही". मग कुणाच्या हातात आहे आणि आपल्याला बोलता येतं का, असं तुम्ही विचारलंय. बोलता येतं. पण मुदत पंधरा दिवसांची असू शकते, म्हणून पुढचं वाचण्याआधी नोटिशीवरची तारीख बघून घ्या.

नगरसेवक खोटं बोलत नाहीत. कुठे घरं, कुठे दुकानं, कुठे कारखाने आणि कुठे शेतीच राहणार हे मास्टर प्लॅनमध्ये, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात ठरतं. जुनी माणसं त्याला अजून सीडीपी म्हणतात. कायदा 1961 चा, कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा. बेळगावचा आराखडा बुडा, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरण, करतं आणि मंजुरी राज्य सरकार देतं. मसुदा जाहीर झाला की हरकतींना 60 दिवस असतात, आणि दर 10 वर्षांनी तरी आराखडा नव्याने तपासावा असं कायद्यातच आहे. त्या 60 दिवसांत आपल्यातले किती जण नकाशा बघायला जातात? मला याचं फार वाईट वाटतं, कारण आपला सर्व्हे नंबर नकाशावर पिवळा (निवासी) होणार की हिरवा (शेती) राहणार याचा निकाल तिथेच लागतो.

आराखडा लागू झाल्यावर मध्येच एखाद्या तुकड्याचा वापर बदलायचा तर कलम 14-अ लागतं. तुमची नोटीस बहुधा त्याखालीच असेल. बदल सार्वजनिक हिताचा हवा, दुसऱ्या कुठल्या कायद्याला बाधा येता कामा नये, आणि प्रस्ताव त्या भागात खपणाऱ्या दैनिकात छापून किमान 15 दिवस हरकती मागवायला हव्यात. शिवाय सरकारची पूर्वमंजुरी लागते, म्हणजे फाइल बेंगळुरूला जाऊन येते. तुमची हरकत त्या फाइलला लागलेली हवी.

एनए, म्हणजे शेतजमीन बिनशेती करण्याची परवानगी, ही वेगळी गोष्ट आहे, आणि इथे बहुतेकांची गल्लत होते. ती 1964 च्या जमीन महसूल कायद्याच्या कलम 95 खाली येते. झोन बदलला म्हणजे एनए झालीच असं धरून चालू नका, आणि पंचायतीने घरपट्टी लावली म्हणून तर झोनही बदलत नाही आणि एनएही होत नाही. बाँडवर, म्हणजे नोंदणीकृत खरेदीखताशिवाय नुसत्या स्टँप पेपरवर, दोन गुंठे घेऊन आयुष्याची कमाई त्यात घातलेल्या माणसांना हे घर उभं राहिल्यावर कळतं.

आमच्यावर ही वेळ आली तेव्हा नोटीस तीन बोटं रुंदीची होती, कानडीत, सर्व्हे नंबरही कानडी अंकांत. माझी वहिनी कानडी शाळेत शिकवते, तिने वाचली म्हणून कळलं. तोवर नऊ दिवस गेले होते. वडिलांनी रात्री बसून हरकत लिहिली: पिढ्यान्‌पिढ्यांची काळी आई, पोटाला चिमटा घेऊन राखलेलं शिवार. खरंच होतं सगळं. पण ओळखीच्या एका निवृत्त सर्व्हेअरनी कागद बाजूला ठेवला. म्हणाले, "जमीन शेजाऱ्याची आहे, तुमची नाही. त्याच्या बदलाने तुमचं आणि गावाचं काय नुकसान होतं ते लिहा."

मग आम्ही पाण्यावर लिहिलं. शेजारच्या रानातून एक चर जायचा, वरच्या सगळ्या शेतांचं पाणी त्यातून नाल्याला मिळायचं. तिथे मुरूम टाकून भराव केला की चर बुजणार आणि आमचं भात पाण्याखाली कुजणार. आमच्या विहिरीच्या कठड्यावर 2019 च्या पुराची गाळाची रेघ तशीच होती. तिला टेप लावला. बांधापासून दोन फूट चार इंच. टेपसकट फोटो काढला, गावनकाशाच्या प्रतीवर चर लाल पेनाने दाखवला, आणि अकरा शेतकऱ्यांनी आपापल्या सर्व्हे नंबरसह अकरा वेगळे अर्ज दिले. झोन बदललाच. पण चर उघडा ठेवायची अट पडली, आणि मंजूर लेआउटच्या नकाशावर तो आहे.

बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरलं की काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या हरकतीचा कणा तोच ठेवा. पुराचे जुने फोटो असतील, नुकसानभरपाईचे कागद असतील, सगळं जोडा. त्या चार एकरांना जायचा रस्ता किती फुटांचा आहे तेही मोजा. सर्व्हे नंबरची खात्री कर्नाटक सरकारच्या दिशांक ॲपवर करून घ्या. अर्ज हातोहात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका, पुढे सगळं त्या पोचेवर चालतं. नंतर फाइलचं काय झालं, हरकतीवर काय शेरा मारला, हे माहिती अधिकारात मागता येतं. नोटीस नीट न छापताच मंजुरी दिली असेल किंवा हरकती विचारातच घेतल्या नसतील, तर उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात दाद मागता येते, पण तिथेही पहिला प्रश्न हाच येतो की मुदतीत हरकत घेतली होती का.

अर्ज मराठीत लिहा, सोबत कानडी प्रत जोडा, म्हणजे वाचता आला नाही असं कुणाला म्हणता येणार नाही. कानडीचं अडत असेल तर मजकूर मला पाठवा. वहिनीशी बोललोय, ती एका संध्याकाळी उतरवून देईल.