एमआयडीसीत एमडीचे (मेफेड्रोन या नशेच्या ड्रगचे) कारखाने सापडतायत, थेट फाशी ठेवली तर बंद होतील का?

नाही होणार. ५० ग्रॅमच्या वर एमडी म्हणजे कमर्शियल क्वांटिटी (व्यापारी प्रमाण), तिथे आत्ताच १० ते २० वर्षं कैद आहे, एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यातल्या कलम ३७ मुळे जामीनही सहज मिळत नाही. हेरॉइनसारख्या काही ड्रग्जना दुसऱ्यांदा दोषी ठरल्यावर फाशीचीही तरतूद आहे, म्हणून हेरॉइन थांबलं का? २०१५ मध्ये मेफेड्रोन एनडीपीएसमध्ये आलं आणि २०२३ ला नाशिकजवळ शिंदे गावात, २०२४ ला पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभला कारखाने सापडलेच ना.

खरी गोम गाळा भाड्याने देणाऱ्यापाशी आहे. माझं स्वतःचं छोटं केमिकल युनिट आहे, शेजारचा गाळा आमच्या दाजींचा. त्यांनी तो परफ्युमचं काम करतो म्हणणाऱ्या एकाला दिला, भाडं चालू रेटच्या दुप्पट, तेही रोख. मी म्हटलं दाजी, प्रदूषण मंडळाची संमती बघा, कच्च्या मालाची बिलं मागा, तर म्हणे आपल्याला काय करायचंय, भाडं वेळेवर येतंय ना. परफ्युमवाल्याच्या खिडक्यांना आतून पत्रे ठोकलेले, एक्झॉस्ट फक्त रात्री चालू, आणि मागे पडलेल्या रिकाम्या ड्रमांची लेबलं खरवडून काढलेली. लेबल कोण खरवडतं हो? आम्ही तर रिकामा ड्रमसुद्धा लेबलसकट विकतो. मी एका कार्यालयात तोंडी सांगितलं, तिथे म्हणाले लेखी द्या, लेखी दिलं, कुणी फिरकलं नाही आणि महिन्याभरात ती माणसं रातोरात सामान उचलून गेली.

दाजी आजही म्हणतात, मालकाचा काय दोष. एनडीपीएसचं कलम २५ वाचा म्हणावं. जागा जाणूनबुजून वापरू दिली तर मालकालाही तीच शिक्षा आहे. पण 'जाणूनबुजून' हे सिद्ध करताना पोलिसांच्या नाकी नऊ येतात, म्हणून माझं स्पष्ट मत आहे की केमिकल झोनमधला गाळा देताना काय बनवणार, कुठलं सॉल्व्हंट किती येणार हे मालकाने लेखी घ्यायचं आणि पोलीस ठाण्यात द्यायचं, नाही दिलं तर तोच गुन्हा धरायचा. त्याला फाशीची गरज नाही.

आता, त्या गाळ्यात एमडीच बनत होतं असं मी छातीठोकपणे म्हणत नाही, तपासच झाला नाही. आणि असा नियम आला तर इन्स्पेक्टर आमच्यासारख्या सरळ धंदेवाल्यांनाच आधी पिडतील हेही खरंय, त्यावर काहीतरी तोडगा लागेल. पण दाजींनी तेव्हा निदान बिलं मागायला हवी होती.